पाणी कुठवर आलंय?

आमच्याकडे सभा कुठलीही असो, लिहायला गुरुजी. ग्रामसभेचं प्रोसिडिंग ग्रामसेवक लिहितात, तो त्यांच्या नोकरीचा भाग. पण सप्त्याची बैठक, नळाच्या पाण्याची बैठक, वनसमितीची बैठक आणि अलीकडे तंबूवाल्यांची बैठक, या साऱ्यांच्या वह्या शाळेच्या कपाटात, हजेरीपटाच्या शेजारी. कारण विचारलं तर "गुरुजींचं अक्षर बरंय." जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने एवढी एक गोष्ट चांगली केली, की गाव ती जन्मभर वसूल करतं.

गाव भंडारदऱ्याच्या धरणाच्या शेपटाकडचं. नाव सांगत नाही, कारण पुढच्या बैठकीतही मलाच लिहायला बसायचंय. बाहेरच्याला भंडारदरा म्हटलं की शेंडी आठवते. धरणाची भिंत तिथे, बाजारपेठ तिथे, हॉटेलं तिथे, पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही तिथेच. आम्ही पार दुसऱ्या टोकाला. भिंतीपाशी पाणी खोल, आमच्याकडे उथळ. भूगोलाचा एवढा एकच मुद्दा ध्यानात ठेवा, आमच्या निम्म्या भांडणांचं मूळ त्यात आहे.

भिंतीपाशी पाणी हातभर उतरलं तर शेंडीच्या माणसाला पत्ताही लागत नाही. खडकावर एक ओली रेघ राहते, झालं. आमच्याकडे तेवढ्याच उताराने काठ शेतभर मागे जातो. डिसेंबरात ज्याचा तंबू पाण्याला लागून असतो, त्याच्या पाहुण्याला एप्रिलात पाय बुडवायला निघताना डोक्याला टोपी आणि हातात पाण्याची बाटली घ्यावी लागते. तळ्यावर जाताना पाण्याची बाटली घेऊन जाणारी माणसं मी आमच्याकडेच पाहिली.

तंबूंच्या जाहिरातीत ‘लेक टच’ लिहायची पद्धत आहे. पुण्यामुंबईहून फोन येतो, "दादा, टेंट पाण्यापासून किती लांब आहे?" याचं खरं उत्तर ‘तुम्ही कधी येताय त्यावर आहे’ असं. पण खऱ्या उत्तराला बुकिंग मिळत नाही. मग दादा म्हणतात, "सर, पाण्यातच हाय समजा." आणि लगेच पोराला हाक मारून विचारतात, "आरं, पाणी कुठवर आलंय बघ रं." हा प्रश्न आमच्याकडे वर्षभर विचारला जातो. जुलैत तो चढत्या आवाजात असतो, मार्चनंतर उतरत्या.

तंबूवाल्यांची पहिली बैठक झाली ती याच प्रश्नावर. विषय: पहिली रांग कोणाची. धरण भरलेलं असताना ज्याचं शेत पाण्याला लागून, त्याची पहिली रांग, यावर वाद नव्हता. वाद सुरू झाला पाणी उतरल्यावर. मागच्या रांगेतल्या एकाने आपले चार तंबू उचलले आणि पुढच्याच्याही पुढे, उघड्या पडलेल्या गाळावर नेऊन ठोकले. पुढचा मागचा झाला.

"माझ्या म्होरं तंबू ठोकायचा नाय."

"तुझ्या म्होरं तुझी जमीन हाय का? धरण हाय ते."

"धरण कुठं हाय? मला तर शेणच दिसतंय."

हे खरं होतं. उघड्या काठावर तोवर गावाची गुरं चरून गेली होती. पुष्कळ वेळ दोघांचं चाललं. मी लिहायचं थांबलो होतो, कारण असली वाक्यं प्रोसिडिंगमध्ये ‘सविस्तर चर्चा झाली’ या तीन शब्दांत बसवायची असतात. शेवटी ठराव झाला की रांग पाण्यापासून न मोजता रस्त्यापासून मोजावी. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, सर्वानुमते मंजूर. पुढच्या शनिवारपासून सगळे पुन्हा पाण्यापासूनच मोजू लागले, कारण पाहुणा पाण्यापासून मोजतो.

गंमत अशी, की ज्या जमिनीवरून भांडण ती दोघांचीही नाही, हे भांडणाऱ्यांसकट सगळ्यांना ठाऊक असतं. काठ जलसंपदेचा. वरचं रान वन खात्याचं, १९८६ पासून ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. रस्ता बांधकाम खात्याचा. आपलं म्हणून आपल्याकडे उरतं ते भाताचं खाचर आणि आपलं मत. खाचर चार महिने कामाला येतं, मत बारा महिने.

आणि पाणी? पाणी तर कधीच आमचं नव्हतं. प्रवरेवरची ही भिंत इंग्रजांनी बांधली, १९१० च्या सुमारास काम काढलं आणि १९२६ साली पुरं केलं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं म्हणून ते विल्सन डॅम, आणि पाण्याला म्हणायचं आर्थर लेक. आता सरकारदरबारी जलाशयाला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव दिलं आहे. ते फार योग्य झालं. राघोजी याच डोंगरातले, देवगावचे. १८४८ साली ठाण्याला इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. तेव्हा नाव आमचं झालं. पाणी मात्र खालच्यांचंच राहिलं.

खालचे म्हणजे कोण, ते आमच्या चौथीच्या पोरांनाही पाठ आहे. ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा आणि उजवा कालवा निघतो. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या बाजूचा ऊस, गहू, कांदा या पाण्यावर. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच खोऱ्यात, आणि साऱ्या महाराष्ट्राला सहकाराचा धडा त्याने दिला. पोरांना सतराचा पाढा येत नाही, पण धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट हा आकडा तोंडपाठ. पावसाळ्यात तो रोज पेपरात येतो ना. पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरलं की नाही, यावर खालच्या साऱ्या तालुक्यांचं लक्ष असतं, आणि भरलं की खाली पेढे वाटतात. वर आम्ही चिखलातून गाड्या ढकलत असतो.

तर हे पाणी कधी, किती सोडायचं ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तीही बैठकच. तिथेही अध्यक्ष असतात, मागील इतिवृत्त असतं, चहा असतो. फरक इतकाच की आमची बैठक समाजमंदिराच्या ओसरीवर आणि तिथे मंत्री, आमदार, अधीक्षक अभियंता. तिथे एक आवर्तन मंजूर झालं की इथे आमची पहिली रांग तिसरी होते. आमच्या वहीतल्या साऱ्या ठरावांवर त्या एका ठरावाची कुरघोडी. शेतीला पाणी हवं, पिण्याला हवं. तंबूच्या दारातून तळं दिसावं म्हणून कोणी कोणाचा ऊस वाळू देणार नाही, आणि देऊही नये. पण पाणी सोडायच्या तारखा आधी कळल्या असत्या तर जाहिरातीत जरा बेताने लिहिलं असतं, असं आमच्या खजिनदाराचं म्हणणं आहे.

त्याही वर आणखी एक समीकरण आहे. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी द्यायचं, हा समन्यायी वाटपाचा नियम. या नियमाखाली २०२३ साली निघालेल्या आदेशात प्रवरा समूहाच्या नावापुढे ३.३६ टीएमसी होते, आणि समूह म्हणजे भंडारदरा, निळवंडे आणि लहानसहान धरणं. ती बातमी मी ओसरीवर वाचून दाखवली. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारबाबांनी विचारलं, "गुरुजी, ही जायकवाडी आली कुठं?"

"पैठणला, बाबा."

"तिथंबी तळ्याच्या कडंला माणसं असत्यालच की."

"असतील ना."

"मंग त्यांचा काठ म्होरं येत असंल." एवढं बोलून बाबांनी तंबाखूची चंची काढली. प्रोसिडिंगमध्ये हे मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं असं अजून वाटतं, कारण समन्यायी वाटपावर इतकं थोडक्यात कोणी बोललेलं माझ्या वाचनात नाही.

ग्रामसभेची तऱ्हा निराळी. ती पूर्वापार चार दिवशी घ्यायची चाल: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ज्याने हे दिवस ठरवले त्याने कधी पर्यटनस्थळी राहून पाहिलेलं नसावं. चारही दिवस सुट्टीचे. सव्वीस जानेवारीला थंडी, शेकोटी, तंबू. एक मेला पोरांच्या परीक्षा संपलेल्या, सगळी शहरं मोकळी सुटलेली. दोन ऑक्टोबरला डोंगर हिरवे आणि सोनकीने पिवळे. आणि पंधरा ऑगस्ट म्हणजे धरण काठोकाठ, रंधा धबधबा दणाणतोय, घाटघरच्या कड्यावर ढग चढलेले आणि शेंडीपासून गाड्यांची रांग. झेंडावंदन होतं, पोरं भाषणं करतात, मग ग्रामसभेची दवंडी होते, आणि गणपूर्तीची माणसं पार्किंगमध्ये शिट्ट्या मारत असतात. एका वर्षी सभेला आलेल्या एका पाहुण्याला गावकरी समजून सही करायला वही पुढे केली होती. त्याने बिचाऱ्याने फोन नंबरही लिहिला.

पावसाळ्यातच दुसरी अडचण आवणीची. जुलैत भाताची आवणी अंगावर आलेली असते, पाऊस घटकाभर थांबत नाही, घरातली हातीपायी धड असलेली सगळी माणसं खाचरात गुडघाभर. नेमके तेच दिवस धबधब्यांचे. घाटघर-रतनवाडीचा पाऊस जिल्ह्यात सगळ्यांत जास्त, आणि तो बघायला लोक मुंबईतला पाऊस सोडून येतात. एक बाई रस्त्यावर गाडी थांबवून आवणीच्या बायांना म्हणाल्या, "किती छान, तुम्ही रोज पावसात भिजता!" बाया हसल्या. इरल्याखालून हसणं दिसत नाही, ऐकू येतं. त्या संध्याकाळी बैठक ठेवली होती, तिला मी आणि वही असे दोघेच हजर होतो.

बैठकीचा खरा रंग चढतो तो शेवटच्या विषयाला. विषयपत्रिकेवर मी नेहमी लिहितो, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ पहिले विषय दहा मिनिटांत संपतात. कचऱ्याची गाडी, नाक्यावरच्या पावत्या, शौचालयाची दुरुस्ती. सगळे माना डोलावतात. मग आयत्या वेळचे विषय येतात आणि चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागतो. अमक्याचा कुत्रा तमक्याच्या पाहुण्याचं चिकन घेऊन गेला, भरपाई कोणी द्यायची. रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या गाड्यांना हात कोणी करायचा आणि कोणत्या वळणापर्यंत. एकाने आपल्या तंबूंना दिव्यांच्या माळा लावल्या तर शेजाऱ्याचं गिऱ्हाईक तिकडे जातं, तेव्हा माळा सगळ्यांनी लावाव्यात की कोणीच लावू नयेत. अध्यक्षांची परवानगी कोणी विचारत नाही. अध्यक्षांचाही एखादा विषय असतोच.

स्पीकरचा ठराव तर बारमाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा देशभरचा कायदा आहे, तो आमच्या डोंगरालाही लागू आहे. पण कायदा तालुक्याच्या गावी अकोल्यात, राजूरला पोलीस ठाणं, आणि स्पीकर इथे. ठराव एकमताने व्हायचा आणि शनिवारी एकमताने मोडायचा. तंबूवाला म्हणणार, "पाहुण्यानं पैसं दिल्यात, त्याला नाय कसं म्हणावं?" हे असंच चालू राहिलं असतं. पण एका बैठकीत बचत गटाच्या एक मावशी उभ्या राहिल्या. तंबूंवरच्या भाकरी त्यांचा गट करतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या धडामधुडानं माझी गाय पान्हा चोरती. रातीचं गाणं आन् सकाळी चहाला दूध, दोन्ही मिळायचं नाय. काय ते एक ठरवा." दहा वाजता स्पीकर बंद होऊ लागले. अगदी सगळे नाही, पण आमच्या काठावरचे तरी. कायद्याला जे साधलं नव्हतं ते बिनदुधाच्या चहाच्या धाकाने साधलं.

मेअखेरीस काजव्यांचे दिवस येतात. पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंतचेच काय ते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, अशी ठरावीक झाडं काजव्यांनी भरून जातात. एका झाडावरचे हजारो काजवे एका दमात पेटतात, एका दमात विझतात. तिथे सूचक कोण, अनुमोदक कोण, काही कळत नाही, आणि एकही जण ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणत नाही. खरं तर नर काजवे माद्यांना बोलावत असतात, म्हणजे जो तो आपापल्या कामातच असतो. त्यांना बघायला माणसं येतात ती गाडीचे दिवे पेटवून. अंधार बघायचा म्हणून टॉर्च मारत झाडाखाली जातात. वन खातं आता रात्रीच्या वाहनांवर, आवाजावर, उजेडावर निर्बंध घालतं. आमची पोरं रस्त्यावर उभी राहून "लाइट बंद करा, लाइट बंद करा" ओरडतात. त्यातल्या एकाला मी विचारलं, दमत नाहीस का? म्हणाला, "गुरुजी, शाळंत तुम्ही ‘गप बसा, गप बसा’ वरडता तसंच हाय की." मी पुढे काही विचारलं नाही.

इतकं सारं सांगितल्यावर कोणी म्हणेल, हे तंबूंचं खूळ नसतं तर बरं झालं असतं. मलाही काही शनिवारी तसं वाटतं. पण मी शाळेचा पट जुन्या वर्षांपासून पाहिला आहे. पूर्वी भात निघालं, दिवाळी झाली, की आमच्या डोंगरातली घरं कुलुपं लावून नारायणगावला, घोटीला, नाशिककडच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची. नारायणगावला तर मजुरांचा बाजारच भरतो. पहाटे उभं राहायचं, बागायतदार येऊन भाव करून घेऊन जाणार. आईबापांबरोबर पोरंही जात. नोव्हेंबरात वर्गात समोर पाच-सहा डोकी उरायची आणि मी वर्गपाठ पुढे न्यायचा की थांबायचं या कोड्यात. तेव्हा हंगामी आम्हीच होतो. गाव ठिकाणावर असायचं, माणसं यायची-जायची. अजूनही जाणारी घरं आहेत, तंबू काही सगळ्यांना पुरत नाहीत. पण पुष्कळ घरांची कुलुपं आता हिवाळ्यात उघडी असतात. फक्त एकतीस डिसेंबरला वर्ग रिकामा. पोरं गाद्या वाहत असतात, पाहुण्यांना वाट दाखवत असतात, आणि दोन जानेवारीला येऊन मला सांगतात, "गुरुजी, यंदा फार पब्लिक." त्या दिवशी गैरहजेरी लावताना माझा हात थोडा आखडता असतो. हे मुख्याध्यापकांना ठाऊक आहे, कारण मुख्याध्यापकही मीच.

शेजार म्हणजे तरी काय, एकमेकांचा त्रास मोजून घेण्याची सोय. पूर्वी बांधावरून वाद होता, तो तलाठ्याकडे जायचा, मग तालुक्याला, मग पिढ्यान्‌पिढ्या. पाण्याचा काठ कोणाच्या बापाचा नसल्याने आमचे वाद फार लांब जाऊ शकत नाहीत. पाणी सरकलं की वादाची जागाच जाते. दोन वर्षांपूर्वी ज्या जागेवरून हमरीतुमरी झाली होती ती आज पाण्याखाली आहे आणि ते दोघे तंबूवाले एकत्र गाडी करून गाद्या आणायला घोटीला जातात. हा शहाणपणा आमचा नव्हे, धरणाचा.

तुम्ही येणारच असाल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. शनिवार सोडून या. मंगळवारीही कळसूबाई तेवढीच उंच असते, १६४६ मीटर. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ निवांत बघा, तिथल्या दगडावरचं काम घाईत बघायचं नाही. स्पीकर घरी ठेवा. जेवणात नागलीची भाकरी मागा, ती आधी सांगितली तरच मिळते. तंबू पाण्यापासून किती लांब ते फोनवर विचारू नका, उगाच एखाद्या भल्या माणसाला खोटं बोलायला लावाल. आणि अभयारण्याच्या नाक्यावर पैसे दिलेत की पावती घ्या. दिली नाही तर मागून घ्या.